मोज्याची शिवण मशीनवरच जोडायची? आधी हा हिशोब करा!

फ्लॅटबेड निटिंग मशीनवर घरून ऑर्डरी घ्यायच्या विचारात असाल, तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. मशीन विणतं सपाट तुकडा, आणि गिऱ्हाईक मागतं मोजा, बाही, टोपी. म्हणजे नळी! ती नळी जोडण्यातच बऱ्याच जणांची मजुरी बुडते.

नळी करायचे तीन मार्ग

1. डबल बेड: कॅरेज जाताना एक बेड विणतं, येताना दुसरा. जोड नाहीच. पण दुसऱ्या बेडचा खर्च आला.
2. गोल दोरी: फक्त 3-4 सुया. कॅरेज जाताना विणायचं, येताना टाके सोडायचे. टोपीच्या नाड्यांसाठी एकदम बेस्ट.
3. सिंगल बेडवर विणता विणता जोड: आजचा विषय हाच.

मोजा कसा जोडायचा?

आधी मोज्याची पुढची बाजू विणा. कमी-जास्त ओळींनी पंजा वळवा. आता तळव्याकडून परत वर येताना जोड सुरू होतो.

कॅरेज ज्या बाजूला उभं आहे, त्या बाजूच्या शेवटच्या सुईवर आधी विणलेल्या भागाच्या कडेचा वेढा ट्रान्सफर टूलने चढवा. सुई पुढे ओढा, म्हणजे दोन्ही वेढे एकत्र विणले जातील. ओळ विणा. आता दुसऱ्या बाजूला तेच.

इथलं गणित पाठ करा: 2 ओळींना कडेचा 1 वेढा. म्हणजे 60 ओळींना प्रत्येक बाजूला 30 वेढे. एखादा सुटला की जोड ओढला जातो, मोजा वाकडा बसतो. दर वेळी वेढ्याचा तोच भाग उचला. कधी मोठा फासा, कधी गाठ असं केलं तर जोडाची रेघ वेडीवाकडी दिसते. टाचेच्या वळणावर जोडायचं नाही, तिथून पुढे पुन्हा सुरू.

आता पैशाचं बोलू

समजा, एका मोज्यात जोडाच्या 120 ओळी आहेत. म्हणजे 120 वेळा वेढा चढवायचा. एकाला 5 सेकंद धरले तर 10 मिनिटं. 10 जोड्या, म्हणजे 20 मोजे: 200 मिनिटं. हेच हाताने शिवायला मोज्याला 15 मिनिटं लागत असतील, तर 300 मिनिटं. एका ऑर्डरीत 1 तास 40 मिनिटं वाचली!

हे आकडे उदाहरणासाठी आहेत. तुम्ही मोबाईलचं स्टॉपवॉच लावून स्वतःचे काढा. सुरुवातीला एका वेढ्याला 15 सेकंद लागले, तर शिवणंच स्वस्त पडेल.

आणि प्रत्येक वस्तूला ही पद्धत लावू नका. बाही किंवा लेगवॉर्मर पूर्ण रुंदीचा विणून दुमडला की एकच शिवण येते. मशीनवर दोन भागांत केला तर जोड दोन! तिथे सुई-दोराच बरा.

ऑर्डर घेण्याआधी

एक नमुना विणा, धुवा, आडवा-उभा ताणून बघा. पायात घालून बूट चढवा. जोड टोचत नाही ना? मगच भाव सांगा, आणि भावात जोडायची मिनिटं धरा. गिऱ्हाइकाला "बिनजोड" म्हणून विकू नका, कारण जोड आहेच. "आत जाड शिवण नाही" एवढं खरं सांगा. पुढची ऑर्डर त्या शब्दावरच येते.

या आठवड्याचा होमवर्क: 40 ओळींचा छोटा तुकडा, दोन्ही बाजूंना 20-20 वेढे. वेळ वहीत लिहून ठेवा. चला, मशीनवर बसा!