विद्यापीठाची निवड
कोणते विद्यापीठ निवडावे, असे बारावीचे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही नाव सांगत नाही; विषय कोण शिकवितो, ग्रंथालय कसे आहे आणि शेवटच्या वर्षापर्यंतचा खर्च कोठून येणार, हे पाहावयास सांगतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना सेलिग्मन, ड्यूई यांसारखे गुरू लाभले. पुढे लंडनमध्ये शिकत असता शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. तो पूर्ण करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. म्हणून शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास पात्र विद्यार्थ्यांनी स्वाधार योजनेचा अर्ज मुदतीत भरावा. जेथे शिक्षण पूर्णत्वास जाईल, तेच विद्यापीठ आम्ही योग्य मानतो.