आपला सर्व्हर, आपला कारभार – भाग ९ : फाइल नेमकी अडते कुठे?

इतिहासाची कागदपत्रं जपण्याचं काम धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून करत आलं आहे. तेवढा मोठा संग्रह नसला, तरी जुन्या स्मरणिका, हस्तलिखितं, नियतकालिकांचे अंक खानदेशातल्या गावोगावच्या वाचनालयांत सापडतात. आता ते स्कॅन करून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावेत, असं संस्थांना वाटू लागलं आहे. गेल्या भागात आपण डोमेन आणि सुरक्षा प्रमाणपत्राचं काम उरकलं. आता फाइली चढवताना खरा कस लागतो.

समजा, अमळनेरच्या एखाद्या वाचनालयाने शतकमहोत्सवी स्मरणिकेची ३८ एमबीची पीडीएफ चढवायला घेतली. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि पडद्यावर ‘एचटीटीपी एरर’ उमटतं. कार्यवाह म्हणतात, नेट स्लो आहे. स्कॅन करणारा म्हणतो, फाइल खराब झाली असेल. पण पट्टी शंभरला पोचली याचा अर्थ फाइल दारापर्यंत आली. तिला आत घ्यायचं की नाही, हे सर्व्हर ठरवतो, आणि तेही एका ठिकाणी ठरत नाही.

पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीत शेवटच्या शेताला पाणी आलं नाही, तर पाटकरी बंधाऱ्यापासून पाटाच्या कडेने चालत येतो आणि पाणी कुठपर्यंत आलंय ते बघतो. इथेही तसंच चालत यायचं.

पहिला टप्पा वेब सर्व्हरचा. एनजिनएक्समध्ये ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ ही मर्यादा मुळात फक्त १ एमबी असते. ती ओलांडली की ४१३ क्रमांकाची चूक मिळते. पुढचा टप्पा पीएचपीचा, आणि तिथे दोन मर्यादा आहेत. ‘अपलोड_मॅक्स_फाइलसाइझ’ एका फाइलपुरती, मूळ आकडा २ एमबी. ‘पोस्ट_मॅक्स_साइझ’ संपूर्ण फॉर्मची, सगळ्या फाइली आणि मजकूर धरून, मूळ आकडा ८ एमबी. ही दुसरी मर्यादा ओलांडली तर पीएचपी फॉर्ममधलं सगळंच टाकून देतं. मग फाइल जोडूनही ‘फाइल निवडलेली नाही’ असा उलटाच संदेश येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

हे आकडे माहीत असले की परीक्षा सोपी होते. अर्धा एमबी, दीड एमबी आणि तीन एमबी अशा तीन फाइली घ्या आणि एकेक चढवून बघा. अर्धा एमबी जाते, दीड अडते, तर बोट एनजिनएक्सकडे. दीड जाते, तीन अडते, तर पीएचपीच्या पहिल्या मर्यादेकडे. एकेक फाइल जाते पण सात-आठ एकदम अडतात, तर ‘पोस्ट’कडे. अर्धा एमबीसुद्धा जात नसेल, तर आकाराचा संबंधच नाही. मग परवानग्या, भरलेली डिस्क किंवा तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर तपासायचं.

आकारात अडलं असेल तर आकडे चढत्या क्रमाने ठेवा. ३८ एमबीच्या फाइलसाठी एका फाइलची मर्यादा ५०, फॉर्मची ६० आणि एनजिनएक्सची ६४. नंतर एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम दोन्ही पुन्हा सुरू करायचे. तरीही फरक पडला नाही, तर बदल चुकीच्या फाइलमध्ये झाला असण्याची शक्यता जास्त. उबुंटूवर कमांड लाइनची ‘पीएचपी.आयएनआय’ वेगळी आणि एफपीएमची वेगळी असते. संकेतस्थळापुढे क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ सेवेची मोफत योजना असेल, तर १०० एमबीच्या वरची विनंती तिथूनच परत जाते.

परवानग्यांच्या बाबतीत एक घातक सल्ला सर्रास दिला जातो : फोल्डरला ७७७ देऊन टाका. त्याने फाइल जाईलही, पण सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रामला तिथे हवं ते लिहिता येईल. फोल्डरची मालकी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याकडे, उबुंटूवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’कडे द्या आणि परवानगी ७५५ ठेवा. डिस्क भरली आहे का, हे ‘डीएफ -एच’ सांगेल.

हस्तलिखितांच्या चित्रांमध्ये आणखी एक मेख असते. ए-४ पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं, की जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल होतात. जेपीजी फाइल काही एमबीचीच दिसते. पण तिचं छोटं चित्र बनवताना पीएचपीसोबत येणारं जीडी हे चित्रांचं साधन प्रत्येक पिक्सेलला चार बाइट घेतं, म्हणजे सुमारे १३९ एमबी. पीएचपीची मूळ स्मृतिमर्यादा १२८. फाइल पोचते, पण पुढचं काम कोसळतं. वाचकांसाठी ३०० डीपीआयची प्रत चढवा, मोठी प्रत स्वतःकडे जपा.

देवनागरी नावांचीही एक अट आहे. लिनक्सच्या ईएक्सटी-४ फाइलप्रणालीत नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि यूटीएफ-८ मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेतं. ‘खानदेश’ एवढ्यालाच १८ बाइट लागतात. म्हणजे अख्ख्या नावात जेमतेम ८५ चिन्हं बसतात. अध्यक्ष, वर्ष, प्रसंग असं सगळं नावात कोंबलं, तर छोटीशी फाइलही अडेल.

अंदाजाने आकडे फिरवण्याआधी ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात जा. फाइल चढवण्याची वेळ लक्षात ठेवा आणि एरर लॉगमध्ये त्याच मिनिटाची ओळ शोधा. ‘टू लार्ज बॉडी’ असेल तर एनजिनएक्स, ‘परमिशन डिनाइड’ असेल तर मालकी, ‘नो स्पेस लेफ्ट’ असेल तर डिस्क. पीएचपीने दिलेला चूक क्रमांक ३ असेल, तर फाइल अर्धवटच आली. तेवढ्याच वेळी कार्यवाहांचं म्हणणं खरं धरायचं.

बदललेले आकडे तारखेसह संस्थेच्या नोंदवहीत लिहून ठेवा. पीएचपीची नवी आवृत्ती टाकली की तिच्यासोबत नवी कोरी ‘पीएचपी.आयएनआय’ येते आणि मर्यादा गुपचूप पुन्हा २ एमबीवर जाते. तोवर हे काम करणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेलेला असतो.

(पुढील भागात : बॅकअप कुठे ठेवावा आणि तो खरंच उघडतो का, हे कसं तपासावं)