जुन्या नाण्यांवरील असामान्य रंगछटा : आकर्षण आणि पुरावा
(नाशिक परिसरातील नाण्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नाशिकमध्ये मुंबई–आग्रा महामार्गालगत वसलेल्या इंदिरानगरसारख्या वसाहतींत, जुन्या वाड्यांतून फ्लॅटमध्ये आलेल्या अनेक कुटुंबांच्या देवघरांत व्हिक्टोरिया राणीचे किंवा पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये आजही आढळतात. लक्ष्मीपूजनापूर्वी ते चिंच आणि राख लावून उजळले जातात व ताम्हणात पांढरेशुभ्र मांडले जातात. घरच्यांच्या दृष्टीने ही नाण्याची सेवा असते. नाणकशास्त्राच्या दृष्टीने मात्र दरवर्षी त्या नाण्यावरील थोडा मजकूर पुसला जात असतो. संग्राहक ज्याला ‘टोनिंग’ म्हणतात त्या रंगछटेचे स्वरूप, तिच्याविषयी वाटणारे आकर्षण आणि तिचे पुरावा म्हणून असलेले महत्त्व यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंग कोठून येतो?

हवेतील हायड्रोजन सल्फाइडचा चांदीशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. हा थर मूलतः काळा. परंतु तो अत्यंत पातळ असताना काळा दिसत नाही. थराच्या वरच्या पृष्ठावरून आणि त्याखालील धातूवरून परावर्तित झालेले प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यामुळे काही रंग बळावतात आणि काही लोपतात. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर इंद्रधनुष्य दिसते त्यामागील तत्त्व हेच होय. थर जाड होत जातो तसतसा प्रथम फिकट सोनेरी, मग तांबूस-जांभळा, त्यानंतर निळा असा क्रम साधारणपणे दिसतो व शेवटी काळेपणा येतो. ही सर्व स्थित्यंतरे मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाच्या आसपासच्या जाडीत घडतात, हे लक्षात घेतले म्हणजे राखेच्या एका घासण्याने काय होत असेल याची कल्पना येते.

धातूचे मिश्रणही महत्त्वाचे असते. १८३५ पासून प्रचारात आलेल्या कंपनीच्या एकसमान रुपयात ११.६६ ग्रॅम वजनापैकी ९१.६७ टक्के चांदी होती व उरलेले तांबे होते. १९४० मध्ये चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आणले गेले आणि तांब्याबरोबर निकेल व जस्त मिसळण्यात आले. म्हणूनच सहाव्या जॉर्जच्या उत्तरकालीन रुपयांवर बहुधा मळकट करडेपणाच दिसतो; सुंदर निळी-जांभळी झाक त्यांच्यावर विरळाच.

आकर्षणाचे मर्म

एकाच प्रकारच्या डागाळण्यास कधी दोष तर कधी अलंकार का मानले जाते? केवळ अभिरुची हे याचे पुरेसे उत्तर नाही. टाकसाळीत ठसा बसताना धातू दाबाखाली वाहतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. कोऱ्या नाण्याची फिरती चमक या रेषांमुळे असते. तेजस्वी रंग दिसण्यासाठी थराखाली अशी अखंड चमक असावी लागते; चलनात झिजलेले किंवा घासलेले नाणे पुन्हा रंगले तरी ते सहसा निस्तेजच राहते. तात्पर्य, जाणकार संग्राहक निळ्या झाकेसाठी अधिक किंमत मोजतो, ती त्या पृष्ठभागास कोणी हात लावला नसल्याच्या ग्वाहीसाठीही असते.

अमेरिकेतील मॉर्गन डॉलर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेली ही नाणी सरकारी तिजोऱ्यांत कापडी पिशव्यांत दीर्घकाळ पडून राहिली व पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर इंद्रधनुषी पट्टे उमटले. भारतात चांदी ही पूजेची आणि मोडीची वस्तू राहिली. सराफाकडे रुपयाचे मोल वजनावर ठरत असल्याने पृष्ठभागाचा प्रश्नच उद्भवला नाही. परिणामी न उजळलेले जुने रुपये आपल्याकडे तुलनेने दुर्मीळ झाले आहेत.

जोगलटेंभीचा दाखला

जमिनीत पुरलेल्या नाण्यांची गोष्ट याहून वेगळी असते. मातीतील क्षारांमुळे चांदीवर मुख्यतः क्लोराइडचा करडा, जांभळट थर चढतो. त्यात इंद्रधनुष्य नसते. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नव्हे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचे वर्णन प्रसिद्ध केले. इंदिरानगरपासून जवळच असलेल्या पांडवलेण्यांत क्षहरातांच्या उच्छेदाविषयी जो लेख कोरला आहे, त्याला या नाण्यांनी धातूची साक्ष मिळवून दिली.

अशा पुनर्मुद्रित नाण्यात वरच्या चैत्यचिन्हाखाली मूळ मुखवट्याची नाक-ओठांची पुसट रेषा उरलेली असते. खोलगट भागातील काळोखी तिला उठाव देते. खरखरीत साधनाने नाणे घासले की आधी हीच रेषा जाते. नाणे चकचकीत होते आणि नहपान नाहीसा होतो!

बनावट रंग व जपणूक

रंगाला किंमत आली की रंगारीही येतात. गंधकयुक्त रसायने किंवा उष्णता वापरून काही तासांत निळे-जांभळे नाणे तयार करता येते. अशा नाण्यावर रंगांचा नैसर्गिक क्रम अनेकदा बिघडलेला असतो आणि अक्षरांच्या उठावाची दखल न घेता रंग सरळ पसरलेला दिसतो. झिजलेल्या नाण्यावर भडक रंग दिसल्यास तर संशय घ्यावाच. दुसरीकडे, नैसर्गिक थरही वाढत गेल्यास अखेर क्षरणच ठरतो, हे रंगाच्या चाहत्यांनी विसरू नये. तांब्याच्या शिवराईवरील एकसंध तपकिरी-हिरवी झाक सहसा स्थिर असते. परंतु भुकटीसारखे फिकट हिरवे ठिपके क्लोराइडजन्य विकाराचे लक्षण असतात व ते तज्ज्ञास दाखवणे आवश्यक ठरते.

महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत देणगीदाखल आलेली नाणी पुष्कळदा साध्या कागदी पाकिटांत किंवा पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांत ठेवलेली असतात. हलक्या कागदातील गंधक नाण्यास असमान रंगवते. पीव्हीसीमुळे त्यावर चिकट हिरवा थर येतो. आम्लरहित कागद, पॉलिस्टरचे आवरण आणि कोरडे कपाट एवढ्याने बहुतेक हानी टळते. नाशिककरांना या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वर मार्गावर अंजनेरी येथे १९८० मध्ये नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली आहे. नाणे दाखल करून घेताना नोंदवहीत वजन व व्यासाबरोबर रंगाचाही एक रकाना असावा, आणि तो भरण्यापूर्वी कोणी नाणे धुऊ नये.