जितके बिघडले, तितकेच कापावे

मनमाड–काचीगुडा लोहमार्गावरील सेलू ही परभणी जिल्ह्यातील कापसाची जुनी बाजारपेठ. अशा पेठांतील जुन्या घरांच्या सागवानी चौकटी म्हणजे वाडवडिलांची ठेव. मात्र येथील जमीन काळी. ती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे भिंत हलते, चौकट तिरपी होते व दार अडते. ओलीमुळे चौकटीचा पायाही कुजतो. मग चार बोटे खराबीसाठी सबंध चौकट उखडली जाते. तिच्याबरोबर गिलावा जातो आणि तसे सागवान पुन्हा सहज मिळत नाही.

ही हानी टाळणारे एक हत्यार आता उपलब्ध आहे : ऑसिलेटिंग मल्टी-टूल. त्याचे पाते गोल फिरत नाही. सुमारे तीन अंशांत, मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा डावी-उजवीकडे थरथरते. या तत्त्वाचा उपयोग प्रथम रुग्णालयात झाला. अमेरिकेतील अस्थितज्ज्ञ डॉ. होमर स्ट्रायकर यांच्या प्लास्टर कापणाऱ्या यंत्राला १९४७ मध्ये पेटंट मिळाले. कडक प्लास्टर कापले जाते, मऊ त्वचा मात्र पात्यासोबत हलते. पुढे जर्मनीच्या फाइन कंपनीने हे तत्त्व कारागिरांच्या हाती दिले. तरीही घरगुती यंत्राचे दातेरी पाते त्वचा फाडते. त्याची परीक्षा हातावर कदापि पाहू नये.

चौकटीचा कुजका भाग सरळ रेषेत कापून तेथे सुके सागवान सांधता येते. लाकडात खिळे असतील तर बायमेटल पाते वापरावे. फरशीच्या सांध्यांतील जुने ग्राउट काढण्यास कार्बाइडचे पाते घ्यावे. जुन्या शहाबादीवर नवी फरशी बसवायची असल्यास तिचाच तुकडा आडवा ठेवून त्यावर पाते टेकवावे व चौकटीचा पाय कापावा. उंची अचूक साधते. यंत्रावर जोर देऊ नये. दाब वाढला की थरथर मंदावते, पाते तापते आणि लाकूड जळते.

पावसाळ्यात अडलेले दार लगेच कापू नये. माती व लाकूड सुकल्यावर ते पुन्हा सैल होऊ शकते, आणि कापलेली फट मात्र कायम राहते. भिंतीत पाते घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क असावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. ते कधीही कापू नयेत. पोखरलेल्या लाकडात जीव असतात, म्हणून आधी ते निरखून, हळुवार झटकून घ्यावे.

हत्यार घरात आले म्हणजे सुताराची गरज संपली, असे नव्हे. सांधा कोठे घ्यावा, हे त्याची नजरच जाणते. यंत्राने एवढेच साधते की बिघडलेले तेवढे निघते आणि आजोबांनी बसवलेला उंबरठा नातवाच्या पावलांसाठी शाबूत राहतो.