कांद्याच्या सालीतला रंग

आमच्या पेटीत बाबांचा एक पांढरा लोकरी स्वेटर बरीच वर्षे पडून होता. कोपरे फाटले होते, पण टाकवत नव्हता. गेल्या हिवाळ्यात तो उसवला आणि धाकट्यासाठी नवा विणायचे ठरवले. पोराच्या अंगावर पांढरा रंग एक दिवस टिकायचा नाही, म्हणून लोकर आधी रंगवायची, आणि तीही घरातल्याच वस्तूंनी. त्यात काय साधले आणि काय फसले ते भगिनींना सांगते.

आधी लोकर खरी आहे का ते पाहा. दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली पुष्कळशी अ‍ॅक्रिलिकची असते आणि ती हे रंग धरत नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आला आणि चुरली जाणारी राख उरली तर लोकर खरी. धागा वितळून टणक मणी झाला तर या खटपटीत पडू नका.

लोकरीच्या सैल लड्या करून सुती दोऱ्याने ढिल्या बांधा आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता धुवा. रंग पक्का बसायला तुरटी लागते. १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १५ ग्रॅम तुरटी पुरे. ती गरम पाण्यात विरघळवा, लोकर मोकळी हलेल इतके पाणी घाला आणि त्यात ओल्या लड्या सोडा. मंद आचेवर तासभर ठेवा. पाण्याला वाफ यावी, उकळी येऊ नये. मग लोकर त्याच पाण्यात निवू द्या.

माझे फसले ते इथेच. पातेले स्टोव्हवर होते आणि नळाला पाणी आले. नळाची वेळ कोण चुकवणार? हंडे भरून आले तोवर पातेले खदखदत होते. घाबरून दोन लड्या काढल्या आणि थेट नळाच्या गार पाण्याखाली धरून पिळल्या. त्यांचा नमदा झाला. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. उष्णता, चोळणे आणि एकदम गारठा यांनी ते एकमेकांत अडकतात, ते पुन्हा सुटत नाहीत. बाबांची तेवढी लोकर गेली. त्या रात्री जेवण गोड लागले नाही.

उरलेल्या लड्या कांद्याच्या वाळक्या सालीत रंगवल्या. लोकरीच्या वजनाइतकी साल लागते, म्हणजे १०० ग्रॅमला मोठी पिशवीभर. घरात तेवढी जमायला महिने जातील. मी बाजारात कांदेवाल्याकडे मागितली. तो हसला, पण पिशवी भरून दिली. साल तासभर उकळून पाणी गाळले, कोमट झाल्यावर तुरटीतली लोकर त्यात सोडली, पुन्हा तासभर मंद आच दिली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी सोनेरी-नारिंगी रंग आला होता! कोमट पाण्यात खळबळून सावलीत वाळवली.

डाळिंबाच्या सालीने पिवळा रंग येतो. त्यात गंजक्या खिळ्यांचे थोडे पाणी घातले तर तो काळपट हिरवा होतो, मात्र लोखंड जास्त झाले की लोकर चरबरीत होते. हळदीच्या नादी लागू नका. रंग सुरेख येतो, पण उन्हात उडतो आणि साबण लागला की लाल होतो, हे धुणे धुणाऱ्या बाईला सांगायला नको. बीटही धुण्यात उतरते. लाल हवा असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून मंजिष्ठ आणा, तिला फार तापवले तर मात्र रंग तपकिरीकडे झुकतो. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती क्विनीन करता करता जांभळा रंग लागला. पुढे कारखान्यांचे रंग आले आणि ही मुळे-साली मागे पडली. काहीजणी मोरचूद घालायला सांगतात. ते विष आहे, लेकराबाळांच्या घरात नकोच. रंगाचे पातेलेही वेगळे ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका.

दोन लड्या गेल्यामुळे बाह्या कोपरापर्यंतच आल्या. पुढचा भाग दुकानातल्या करड्या लोकरीने पुरा केला. आईने स्वेटर हातात घेतला, करड्या भागावरून बोट फिरवले, मग नारिंगी भाग नाकाजवळ नेला. म्हणाली, "कांद्याचा वास नाही येत गं."