चाकांच्या खुर्चीसाठीं फिरतें घर

बंद व्हॅनमध्यें पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसविली कीं प्रवासाचें फिरतें घर तयार झालें, असा सर्वसाधारण समज आहे. चालत्या माणसापुरता तो खोटाही नाहीं. परंतु ज्याची सारी हालचाल चाकांच्या खुर्चीवर अवलंबून आहे, त्याच्या गाडीची आखणी दारापासून सुरू करावी लागते.

खुर्ची आंत जावयाची कशी? प्रथम सुचते ती उताराची फळी. ती स्वस्त असते, आणि बिघडण्यासारखें तींत कांहीं नसतें. परंतु स्वतःच्या हातांनीं खुर्ची चढवावयाची, तर एक फूट उंचीस बारा फूट लांबी हवी, असा सर्वमान्य दंडक आहे. गाडीचा तळ रस्त्यापासून ६० सेंटिमीटर उंच धरला, तरी फळी ७ मीटर २० सेंटिमीटर भरते. बहुतेक व्हॅन गाड्यांच्या लांबीपेक्षांही अधिक! फळी आंखूड करून मागून कोणीतरी ढकलावें, असा तोडगा निघतो खरा. पण मग एकट्यानें प्रवासास निघण्याची मुभाच संपली.

म्हणून बहुधा विजेची लिफ्ट बसवितात. विजेची खुर्ची आणि तींत बसलेला माणूस मिळून वजन सहज २०० किलोंच्या घरांत जातें; तेवढा भार लिफ्टला आणि गाडीच्या मागील आंसाला पेलला पाहिजे. वीज बंद पडल्यास लिफ्ट हातानें चालविण्याचा दांडा असतो. तो खुर्चींत बसलेल्याच्या हाताला पोंचत नसेल, तर ती सोय दुसऱ्या कोणाची तरी झाली, त्याची नव्हे. शेगडी पेटून धूर झाला असतां आंतला माणूस बाहेर कसा पडेल, हा प्रश्न येथेंच सोडविला पाहिजे.

आंत खुर्ची वळविण्यास सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. रुंदींत ती मिळणें कठीण. म्हणून पलंग भिंतीला मिटणारा करतात. गादीसह त्याची उंची खुर्चीच्या बैठकीइतकीच ठेवावी. चार बोटें उंच झाला, तरी रोज रात्रीं दोन्ही खांद्यांवर त्याचा ताण पडतो.

गाडी चालतांना खुर्चीचा ब्रेक लावून भागत नाहीं. खुर्ची पुढें तोंड करून चार पट्ट्यांनीं तळाशीं जखडावी लागते, आणि माणसाचा पट्टा खुर्चीला न बांधतां गाडीच्या सांगाड्याला बांधावा लागतो.

उन्हाचा विचार मात्र अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. मज्जारज्जूला वरच्या भागांत इजा झालेल्या माणसास इजेच्या खालीं घाम पुरेसा येत नाहीं, आणि बधिर पायांना चटका कळत नाहीं. त्याच्या बाबतींत पंखा आणि उष्णतारोधक अस्तर ह्यांची गणना चैनींत न करतां औषधांत करावी. गरम पाण्याची नळीही गुडघ्यांजवळून उघडी नेऊं नये.

भारतांत १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्राशीं विसंगत होईल असा फेरफार मनास येईल तसा करतां येत नाहीं. अपंगांसाठीं बदललेल्या गाडीची व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत आली. तेव्हां पत्रा कापण्यापूर्वींच परिवहन कार्यालयांत चौकशी करावी. त्याच सुमारास अंगणांत खडूनें गाडीचा आराखडा काढून प्रवाशानें आपल्या खुर्चींतून त्यांत फिरून पाहावें. दिव्याचें बटण, दाराची कडी आणि पाण्याचा नळ कोठें हवेत, हें सुतारास त्यानेंच सांगावें.