टेलीलेन्स कशासाठी?

पाऊस चांगला लागला की गावोगावच्या तळ्यांवर पाळणे हलू लागतात. वृत्तपत्रांत आपण बहुधा फ्लेमिंगो, चक्रवाक अशा पाहुण्यांचे फोटो पाहतो. पण टिबुकली, कमळपक्षी, पाणकोंबडी ही मंडळी इथलीच. त्यांचे संसार आपल्याच तळ्यावर थाटले जातात. त्यांच्या पिलांचे फोटो काढण्याचा मला छंद आहे. मला नेहमी विचारतात, ‘‘एवढा स्पष्ट फोटो! किती जवळ गेला होतात हो?’’ खरं तर टेलीलेन्स ही जवळ न जाण्यासाठीच असते.

थोडा हिशेब मांडू. समजा, ८ सेंटिमीटर उंचीचं पिलू आपल्यापासून १५ मीटरवर आहे. ४०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा जेमतेम २ मिलिमीटर उंच पडते. नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात चौकटीची उंची सुमारे १६ मिलिमीटर, म्हणजे पिलू तिचा आठवा हिस्साच व्यापतं. मग पाय नकळत पुढे सरकतात. ते सरकू द्यायचे नाहीत. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतला नेमका तेवढा भाग कापून घेतला, तरी छोटीशी स्वच्छ प्रत निघते.

पाय का आवरायचे? टिबुकलीची पिलं आई-बापाच्या पाठीवर, पंखांच्या उबेत बसलेली असतात. माणूस जवळ आला की मोठा पक्षी बुडी मारतो आणि पिलं पाण्यात एकटी पडू शकतात. कमळपक्ष्यांत तर अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं हे काम बापाचं. कांस्यपंखी कमळपक्ष्याचा नर धोका दिसताच पिलांना पंखाखाली घेऊन चालू लागतो. बाहेर लोंबतात ते फक्त त्यांचे लांब पाय! उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालणारी टिटवी पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते. आपल्यामुळे ती अर्धा तास दूर राहिली, तर ऊन आणि कावळा दोघांचंही फावतं.

पक्षी आपली नाराजी सांगतात, ती ओळखायला हवी. टिटवी किंवा शेकाट्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागला, चोचीत घास धरलेला पक्षी पिलांकडे जाईना, किंवा पिलं एकाएकी गवतात दिसेनाशी झाली, की समजावं, आपण हद्द ओलांडली. अशा वेळी मुकाट्याने मागे फिरावं. घरट्याआड येणारं गवत बाजूला करू नये. त्याच आडोशामुळे ते शत्रूच्या नजरेतून सुटलेलं असतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आता तंत्राबद्दल. पिलं येण्याआधी आपण जागेवर बसलेलं असावं. शक्य तर काठावर पालथं पडून, वाळूच्या पिशवीवर लेन्स टेकवून, पाण्याच्या पातळीवरून फोटो घ्यावा. पिलू पिलाच्या जगातलं दिसतं. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद असू द्या, कारण पिलं क्षणभर स्थिर नसतात. १५ मीटरवर, एफ ५.६ ला, ४०० मिलिमीटरची लेन्स पुढे-मागे मिळून जेमतेम ३० सेंटिमीटर पट्टाच स्पष्ट दाखवते. म्हणून आई आणि पिलू आपल्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबावं. फोकस पिलाच्या डोळ्यावर हवा. पाणकोंबडीचं काळंभोर पिलू चकाकत्या पाण्यावर नुसती सावली होऊन बसतं. तिथे उजेड एखाद्या स्टॉपने वाढवावा. दुपार मात्र टाळा. तापलेल्या हवेमुळे लांबचं चित्र थरथरतं आणि पिलांनाही तेव्हा सावलीची गरज असते.

एवढं करूनही कधी कधी चार तासांत एकही फोटो मिळत नाही. तरी काठावर बसून राहावं. आपली सवय झाली की टिबुकली पिलांना घेऊन आपणहून मोकळ्या पाण्यात येते. घास भरवते, पिसं साफ करते, पिलाला पाठीवर घेते. तिला आपली भीती वाटत नसते, तेव्हाच हे सारं घडतं आणि लेन्सलाही तेवढंच हवं असतं.